यंत्र बाहेर, माणूस आत

घाटनांदूर
११ जानेवारी १९९९

संगमेश्वर,

आशीर्वाद लिहिले तर पत्र तिथंच फाडशील, म्हणून लिहीत नाही. मागची पाच पत्रं फाडलीस हे मला महानंदानं सांगितलंय. त्यावरून बायकोवर डाफरू नकोस, मीच तिला खोदून विचारलं. हे पत्र मात्र पुरतं वाच, कारण हे तुझ्या धंद्याचं आहे.

आमचे चेअरमन विजयसिंह साहेब परवा माझ्या खोलीत आले. म्हणाले, "मॅडम, कॉलेजची जाहिरात काढायलोय, केबलवर. शूटिंग तुमच्याच भावाला दिलंय, नेकनूरच्या संगमेश्वर कोरेला." जाहिरातीत काय काय घेणार, असं मी विचारलं. तर बिल्डिंग, बाग, दवाखाना आणि डिसेक्शन हॉलमधली बॉडी. "बाकीच्या होमिओपॅथी कॉलेजांत प्लास्टिकचे पुतळे हायत. आपल्याकडं अस्सल हाय. लोकायला दिसू द्या की."

मी सांगितलं, हॉलमध्ये कॅमेरा येत नाही. ते हसले. "सख्खा भाऊ हाय तुमचा. परका कोण आणलाय?" बीडचे सगळे शूटिंगवाले सोडून त्यांनी तुला कावून गाठलं, ते मला तेव्हा कळलं. तुलाही कळलं असेल तर बरंच आहे.

आता नियम ऐक. हॉलच्या दारावर माझ्या हातची पाटी आहे: यंत्र बाहेर, माणूस आत. त्याखाली बारीक अक्षरात यादी आहे. वॉकमन, टेपरेकॉर्डर, कॅमेरा, पेजर, मोबाइल, वाजणारं घड्याळ. दाराशी आमचा शिपाई त्रिंबक स्टीलचा ट्रे घेऊन बसतो. खिशातलं काय असेल ते त्यात काढून ठेवायचं, मग आत जायचं. मोडला नियम, तर आठ दिवस दाराबाहेर उभं राहायचं आणि रजिस्टरमध्ये नाव लागतं. सवलत कुणालाच नाही.

शूटिंगची तारीख १६ फेब्रुवारी ठरलीय. येऊ नकोस. आलास तर दारात मी उभी असेन आणि मला ढकलल्याशिवाय कॅमेरा आत जाणार नाही. नोकरी जाईल म्हणतोस? जाऊ दे. अठरा वर्षं केली.

तू काय म्हणशील तेही मला पाठ आहे. जिनं बापाला मातीसुद्धा मिळू दिली नाही ती आता मेलेल्यांची अब्रू सांभाळते. हो, मीच नेलं अप्पांना. तू त्यांना रीतीप्रमाणं भिंतीशी बसवलं होतंस, पंच्यानं खुंटीला बांधून, कपाळाला भस्म, गळ्यात हार. शेतात खड्डा खणून तयार होता, स्वामी येऊन बसले होते. अशा वेळी मी जीप घेऊन आले आणि देहदानाचा कागद पुढं केला. आपल्यात माणूस आडवा जात नाही, बसून जातो. अप्पा जीपमध्येही बसूनच गेले, कारण तोवर अंग ताठरलं होतं. नेकनूरपासून इथपर्यंत ते माझ्या शेजारी बसून होते आणि वळणावर त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्रिंबकनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, तेव्हा कुठं त्यांचे गुडघे सोडवता आले.

जीप सुटताना तू त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलंस. "हे न्हाई देणार. कापायच्या टेबलावर आमचा देव जाणार न्हाई." ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. दोन वर्षं होतील पुढच्या महिन्यात.

तर भांडण आहे ते आहे. पण कॅमेरा आणू नकोस.

अक्का


२५ जानेवारी १९९९

संगमेश्वर,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी पहिलं, आणि त्यात दोन ओळी. "शब्द दिलाय, येणार. अप्पा औषधाच्या टाकीत हायत असं तूच लिहिलतंस, मग हॉलमधी कुणाची लाज झाकायलीस?"

म्हणजे पाचातलं एक पत्र तरी वाचलं होतंस.

कुणाची लाज, ते सांगते. हॉलमध्ये तीन टेबलं आहेत. एक नंबरवर देवळाच्या पायरीवर मेलेला म्हातारा आहे, नाव माहीत नाही. दोन नंबरवर बसस्टँडवर सापडलेली बाई आहे. तिच्या उजव्या हातावर गोंदलंय, नवऱ्याचं नाव असावं, पण कातडी अशी आक्रसलीय की वाचता येत नाही. ह्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं, पोरं तुमच्यावर शिकली तर चालेल का म्हणून. निदान त्यांना कुणी केबलवर दाखवू नये, एवढं मी बघू शकते. त्या बाईचं माहेर कुठं तरी असेलच ना. तिथंही टीव्ही आला असेल. कदाचित तुझ्याच दुकानातून गेला असेल.

विजयसिंह साहेबांची गंमत सांगते. त्यांनी पुण्याहून मोबाइल आणलाय. इथं त्याला रेंज येत नाही, गच्चीवर चढलं तरी येत नाही, पण कमरेला सदा लटकवलेला. मंगळवारी जागा बघायला म्हणून ते हॉलशी आले. त्रिंबकनं ट्रे पुढं केला.

"वळखत न्हाईस का बे त्रिंबक?"

"वळखतो की साहेब. म्हणून तर ट्रे पुसून आणला."

बरोबरची माणसं खाली बघायला लागली. साहेबांनी मोबाइल ठेवला, आत येऊन पाच मिनिटं नाकाला रुमाल लावून उभे राहिले आणि बाहेर पडले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, नियम पोरांसाठी असतो. संस्था कुणाची हाय ते इसरू नका." मी म्हणाले, संस्था तुमचीच आहे साहेब, हॉल मात्र आतल्यांचा आहे. त्यांना ते आवडलं नाही. मला लई आवडलं, दोन दिवस मनातल्या मनात परत परत म्हणून पाहिलं.

तू विचारशील, दोन टेबलांचं सांगितलंस, तिसऱ्याचं काय?

टाकीत आहेत असं मी सत्त्याण्णवच्या दिवाळीत लिहिलं होतं. एवढंच सांगते. आज हात लिहायला तयार नाही.

अक्का


२ फेब्रुवारी १९९९

संगमेश्वर,

तीन नंबरच्या टेबलावर अप्पा आहेत. ९ सप्टेंबरपासून.

आता हे पत्र फेकू नकोस. शिव्या देत वाच, पण वाच.

पहिल्या वर्षी मी त्यांना टाकीतून काढलंच नाही. विभागात सांगितलं, दोन बॉडी पुरेत. गेल्या गणपतीनंतर त्रिंबक मला म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याला कवर भिजत ठिवायचं? ते शिकवायला आलेत नव्हं?" ते अप्पा आहेत हे कॉलेजात त्याला आणि मला एवढंच माहीत आहे. त्याच्या पोटातून शब्द बाहेर येत नाही. मग आम्ही दोघांनी त्यांना उचलून टेबलावर ठेवलं, तोंडावर ओला कपडा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरला.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या दुकानात शहाण्णवच्या दसऱ्याला नवा टेपरेकॉर्डर आला होता, आठवतं? चालतो का बघायला तू तो अप्पांपुढं धरलास. ती कॅसेट माझ्याकडं आहे. अप्पांनीच दिवाळीला माझ्या पिशवीत घातली, करंज्यांच्या डब्याखाली. त्यावर तुझा आवाज आहे, "हॅलो, टेस्टिंग. अप्पा, काही बी बोला." मग अप्पा खाकरतात. "काय बोलू? मी मेल्यावर मला गंगाच्या कॉलेजात द्या. तिथं मी बघून आलोय, समदी बेवारसच हायत. पोरं बेवारशावर शिकतेत अन् घरच्याचा इलाज करतेत. हे बरं न्हाई. आपल्यातलं बी एक असू द्या." आणि तू हसतोस. "अप्पा, दुसरं बोला, हे गिऱ्हाइकाला ऐकवायचंय."

पुढं सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, अप्पा भिंतीशी बसलेले असताना, सगळ्या भावकीपुढं तू म्हणालास, "अप्पा असं कधीच बोलले न्हाईत. हिचंच डोकं हाय हे." तेव्हा कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. टेपरेकॉर्डर तुझ्या दुकानात चार पावलांवर होता. मी वाजवली असती तर तू गावात तोंड दाखवू शकला नसतास. मी नाही वाजवली. कागदावर भागवलं आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. उपकार म्हणून सांगत नाही. दोन वर्षं हे घशात अडकलंय म्हणून सांगते.

तर नऊ सप्टेंबरला मुलं पहिला छेद घेणार होती, छातीवर. मी त्यांची मॅडम, पुढं उभं राहून दाखवायचं. मी एप्रनच्या खिशात वॉकमन ठेवला, वायर केसांखालून घेतली आणि एका कानात अप्पांना लावलं. त्यांचा आवाज आला की मला सुरीचा आवाज येत नव्हता. "आपल्यातलं बी एक असू द्या" झालं की मी खिशात बोट घालून कॅसेट मागं घ्यायची. अशी तीन वेळा ऐकली. तासभर मी हॉलमध्ये नव्हतेच, नेकनूरला दुकानात बसले होते. माझी वीस मुलं मात्र तिथं होती, घाबरलेली, एकमेकांच्या पाठीमागं लपणारी, आणि त्यांची मॅडम पळून गेलेली.

दुसऱ्या दिवशी आमची अपेक्षा, हुशार पोरगी आहे, एक नंबरच्या म्हाताऱ्याच्या हातावर काम करत होती. कानात वॉकमन. पायानं ताल धरलेला. सिनेमाचं गाणं मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. मी रागावले तर शांतपणे म्हणाली, "मॅडम, काल तुमच्या पण कानात होतं."

मी काय सांगणार होते तिला? माझं दुःख आणि तुझी करमणूक, असं? त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतो. त्याच्या समोर दोघीही नव्हतोच.

त्या दुपारी मी पाटी लिहिली. रजिस्टर आखलं. पहिलं नाव गंगासागर बसप्पा कोरे, गुन्हा वॉकमन. आठ दिवस मी दाराबाहेर उभी राहिले आणि माझा वर्ग धाकट्या मॅडमनी घेतला. पोरं जाता येता बघायची. दुसरं नाव अपेक्षाचं, ती माझ्या शेजारी उभी असायची. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, तुम्ही काय ऐकत होता मॅडम? मी म्हणाले, वडिलांना.

म्हणून तो नियम आहे. कुठल्या सरकारी परिपत्रकातून आलेला नाही. माझ्या पळपुटेपणातून आलाय आणि म्हणून मी तो सोडणार नाही.

आता तुला सगळं ठाऊक आहे. कॅमेरा घेऊन येणार असलास तर कुणावर धरणार आहेस ते कळून ये.

अक्का


१८ फेब्रुवारी १९९९

संगू,

तू आलास. खांद्यावर कॅमेरा, मागं दोन लाइटवाले, शेजारी विजयसिंह साहेब. दोन वर्षांत कानशिलावर पांढरं झालंय तुझ्या. मी म्हणाले, कॅमेरा ट्रेमध्ये ठेव आणि आत ये, तीन नंबरला. तू त्या ट्रेकडं बघत राहिलास. साहेब म्हणाले, "बघतोस काय बे, कर की चालू." आणि तू कॅमेरा खाली घेतलास, उलटासुलटा केलास आणि म्हणालास, "साहेब, बॅटरी उतरली."

चालता झालास. माझ्याकडं बघितलं पण नाहीस.

तुझ्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता, संगू. मी हातभर अंतरावर उभी होते.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही. साहेब त्रिंबकवर भडकले, माझ्यावर भडकले, लाइटवाल्यांवरही. म्हणाले, दुसरा माणूस बोलावतो लातूरहून. मग आवाज उतरवून मला म्हणाले, "मॅडम, तुमची बी फाइल हाय माझ्याकडं. वॉकमन लावून वर्ग घेतलता ना तुमी? कळलंय मला." मी त्रिंबकला रजिस्टर आणायला सांगितलं, पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. मी म्हणाले, फाइल कशाला, हे घ्या, तारखेसकट आहे. खाली शिक्षा भोगल्याची सही पण आहे. त्यांनी वाचलं आणि रजिस्टर मिटून परत दिलं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "पण मी म्हणतो, बेवारस बॉडीसाठी एवढं कावून करता तुमी?"

तेव्हा जिभेच्या टोकावर आलं होतं की तीन नंबरवर माझे वडील आहेत. गिळलं. सांगितलं असतं तर ते लगेच हात जोडून म्हणाले असते, माफ करा मॅडम, तीन नंबर सोडतो, दोन नंबरचं शूटिंग करतो. अप्पांचं नाव वापरून अप्पा वाचले असते आणि ती गोंदलेली बाई केबलवर गेली असती. अप्पा कशासाठी तिथं गेलेत मग? मी एवढंच म्हणाले, साहेब, माझ्या हॉलमध्ये बेवारस कुणी नाही.

आत का आला नाहीस ते विचारत नाही. आलास तेवढं पुष्कळ झालं.

अक्का


३० मार्च १९९९

संगू,

लातूरचा शूटिंगवाला आला होता. ह्या वेळी मी दारात एकटी नव्हते. अपेक्षा आली, तिच्या मागून तिची बॅच आली. घोषणा नाहीत, काही नाही, पोरं नुसती दारात दाटीनं बसली आणि आपापली पुस्तकं उघडून वाचायला लागली. त्रिंबक ट्रे घेऊन एका कडेला. शूटिंगवाला बिचारा म्हणाला, "साहेब, मला ह्यात पाडू नका," आणि बागेचं शूटिंग करून गेला. जाहिरातीत आता कारंजं आहे. त्यात पाणी नसतं, त्या दिवशी टँकरनं सोडलं होतं.

मला मेमो मिळाला. आठ दिवसांत लेखी माफी, नाही तर ३१ मेपासून सेवेतून मुक्त. काकांनी, कॉलेजातल्या सगळ्यांनी समजावलं. दोन ओळी लिहिल्यानं काय जातं म्हणे. पन्नाशीला टेकल्यावर कुठं दारोदार फिरणार म्हणे. खरं सांगू, त्या दिवशी मला भीती वाटली. मग मी कागद घेतला आणि लिहिलं: "मी नियम मोडला तेव्हा आठ दिवस दाराबाहेर उभी राहिले. माननीय चेअरमन साहेबांनी दोनदा मोडायचा प्रयत्न केला. त्यांनी किती दिवस उभं राहायचं ते त्यांनीच ठरवावं. माझ्याकडून माफी मागण्यासारखं काही घडलेलं नाही." सही केली, आवक नंबर घेतला आणि घरी येऊन पिठलं भाकरी खाल्ली. भीती गेली नव्हती, पण भूक लागली होती.

म्हणजे ३१ मे. तोवर मला एक काम उरकायचं आहे. काय ते झाल्यावर लिहीन.

अक्का


२४ मे १९९९

संगू,

काम झालं.

मुलांचं शिकून संपलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, तीन नंबरवर होते त्यांचं नाव बसप्पा. नेकनूरला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते माझे वडील. अपेक्षानं हातमोजे काढले आणि उघड्या हातानं त्यांच्या पायाला हात लावला, मग रांगेनं सगळ्यांनी. वीस जण, संगू. आपल्या भावकीत तरी पाया पडायला वीस जण निघाले असते का? असो. नाकानं कांदे सोलायची माझी सवय जायची नाही.

शिकून झाल्यावर जे उरतं ते नातेवाइकांना मागता येतं. कागद तयार आहे. त्यावर वारस म्हणून दोघांच्या सह्या लागतात. माझी केलीय.

तुला वाटेल, आता काय न्यायचं, एक गाठोडं. थांब. मी अठरा वर्षं हाडांचा धंदा केलाय. सांगाडा जोडणं मला येतं आणि ह्या जिल्ह्यात माझ्यासारखं दुसऱ्या कुणाला येत नाही, हे मी माज करूनच लिहिते. गेला दीड महिना दुपारी वर्ग संपले की मी आणि त्रिंबक बसायचो. हाडं साफ केली, वाळवली, एकेक मोजून घेतलं. दोनशे सहा भरली. उजव्या पायाच्या करंगळीचं एक हरवलं होतं, ते टाकीच्या तळाशी सापडलं. मग पितळी तार घेतली आणि जोडत गेले. भिंतीवर टांगायला जोडतात तसं उभं नाही जोडलं. मांडी घालून जोडलं. पाठीचा कणा सरळ, मान किंचित खाली, दुकानात गादीवर बसायचे तसं. तू त्यांना भिंतीशी जसं बसवलं होतंस तसंच. मी तुझ्या हातून ते मोडून नेलं होतं, आता परत बसवून देते आहे.

जोडताना कानात काही लावलं नव्हतं. सगळा वेळ आतच होते.

मागच्या आठवड्यात तुझ्या शेजारची कडूबाई लेकीकडं इथं आली होती, ती भेटून गेली. तिनं सांगितलं तो खड्डा तू अजून बुजवला नाहीस. दोन वर्षं झाली, भोवती बाभळीचे काटे लावलेस, पावसाळ्यात वर पत्रे टाकतोस. लोक म्हणतात उघडा खड्डा घराला बरा नाही, माणूस मागतो. आणि तू त्यांना म्हणतोस, "मागू द्या. माझा माणूस यायचा हाय." हे ऐकून मी कडूबाईच्या समोर रडले. एवढी रडले की तीच मला पाणी देत होती. संगू, दोन वर्षं मला वाटत होतं तू मला विसरायच्या नादाला लागलायस, आणि तू त्यांची जागा राखत बसला होतास. मला आधी कावून नाही सांगितलंस रे?

सोमवारी ३१ तारखेला ये. माझाही तो शेवटचा दिवस आहे. जीप आण, स्वामींना सांगून ठेव. पेटी सटवा सुतारानं केलीय, उभी आहे. आडवी ठेवायची नाही. जाताना मी शेजारी बसेन, तू दुसऱ्या बाजूला बस. वळणावर ते हलतात.

पाकिटात तुझी कॅसेट ठेवलीय. घरी ऐक, एकटा. मोडून टाकलीस तरी चालेल, ती तुझी आहे. कॅमेरा आणू नकोस. पाटी ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत माझीच आहे आणि त्रिंबक ट्रे घेऊन दारात असेल. पण एक गोष्ट त्या ट्रेमध्ये ठेवायची नाही, ती सरळ आत आणायची. तुझ्याकडं चांदीच्या डबीत आहे ती. आपल्यात लिंगाशिवाय कुणी मातीत जात नाही, मला काय हे ठाऊक नाही?

त्यांच्या उजव्या हाताची बोटं मी मिटवून गुडघ्यावर ठेवलीत. डावा हात मांडीवर आहे, तळवा वर. त्याची बोटं जोडायला मला चार दिवस लागले, कारण ती मी अर्धी उघडी ठेवलीत, डबी मावेल एवढी.

तुझी अक्का,
गंगासागर